सातवी चकती

कुरामोची-सान काल रात्रपाळीला आले, बोलावलेलं नसताना.
बाहेर त्सुकुबा डोंगरावरून उतरणारं झोंबरं वारं,
हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कमळकाकडी,
धाकट्या भावाच्या शेतातली, छातीभर चिखलातून उपसलेली.
म्हणाले, "सातवी कशी आहे?"
आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

सव्वीस चकत्या त्यांनी कातल्या होत्या
हिऱ्याच्या टोकानं, तळघरातल्या खोलीत,
जिथं पारा दशांशानंही हलत नाही
आणि बोलायचं तर यंत्र थांबवून.
मधोमध करंगळीही जाणार नाही एवढं भोक.
भोकाची कड अशी
की उजेडाचाही पाय घसरावा.
बोट कुणी लावायचं नाही. त्यांनीही नाही.
बेचाळीस वर्षं तांबं घडवलं,
आणि तांब्याचा स्पर्श ठाऊक
तो घरच्या किटलीचा.

मग हायड्रोजनच्या भट्टीत चकतीला चकती जडली,
कोपरापासून मनगटापर्यंतची नळी झाली.
आता ती काँक्रीटच्या भिंतीपलीकडे, निर्वातात,
आणि अलीकडे मी, थर्मास, एक हिरवी रेष.

सेकंदाला पन्नास लहरी सोडतो क्लायस्ट्रॉन.
दिवसाला त्रेचाळीस लाख वीस हजार.
जोर आम्ही चिमूट-चिमूट वाढवतो.
जास्त झालं की कुठल्यातरी कडेवर
अणूंचा एक केस ताठ उभा राहतो
(राहत असावा, पाहिलाय कुणी?)
आणि टक्.
निर्वातात आवाज नसतो,
तो तांब्याच्या अंगातून येतो,
बाहेर चिकटवलेल्या सेन्सरांना ऐकू जातो.
रेष कोसळते. आकडा एकानं वाढतो.
मग दुधानं पोळलेलं तोंड ताकाला लावावं
तसं यंत्र फुंकून फुंकून पुन्हा चढायला लागतं.

वहीत आम्ही याला सराव लिहितो.
कुरामोची-सान म्हणतात, सोसणं.

ऑगस्टमध्ये तासाला चाळीस ठिणग्या होत्या.
आता चार.
मीटरला दहा कोटी व्होल्टपर्यंत पोचायचंय,
म्हणजे इमारतभर पसरलेलं यंत्र एका खोलीत मावेल,
त्सुचिउराच्या इस्पितळात, क्ष-किरणांच्या शेजारी.
हे अनुदानाच्या अर्जात लिहिलंय, तिसऱ्या पानावर.
त्यांची बायको दोन बस बदलून उपचारांना जायची,
आणि परतताना दुसऱ्या बसमध्ये उलटी व्हायची,
हे अर्जात नाही.

पण चारांतल्या तीन ठिणग्या सातवीतच.

"माझंच चुकलं असेल," ते म्हणाले.
"ती गेल्यानंतरचा पहिला सोमवार होता.
हात बसलेला असतो हो. हाताला काय."

मी मोजमापांचं पान काढून त्यांच्यापुढे सरकवलं.
सातवी सव्विसांत सगळ्यांत नेटकी.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि चेहरा आणखीच पडला.
"मग का?"
"ठाऊक नाही."
"कापून बघाल ना?"
"मार्चमध्ये. तारेनं, उभी."
"मी फेब्रुवारीत सुटतोय."
"बोलावीन."
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
कोपऱ्यातल्या मोरीवर जाऊन कमळकाकडी धुतली,
पँट्रीतल्या बोथट सुरीनं कापली.
सगळ्या चकत्या एका जाडीच्या, न मोजता.

एक उचलून त्यांनी पडद्यासमोर धरली.
आमच्याकडे नव्या वर्षाला ती खातात,
भोकांतून पुढचं दिसतं म्हणून.
हिरवी रेष आठ तुकड्यांत दिसली असेल त्यांना.

चार वाजून दहा मिनिटांपासून रेष सपाट होती.
सव्वापाच झाले.
मी बोलायचंही टाळत होते.

टक्.

दोघं एकदमच वळलो.
तेविसावी.
"हं," ते म्हणाले,
आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचे दात दिसले.
"तिलाही सोसू दे थोडं."
थर्मासमधला उरलेला चहा
त्यांनी माझ्या कपात जास्त ओतला, स्वतःच्या कमी.