गहाळ

वर्ग बंद झाले त्या दिवशी
टाकीत बत्तीस बेडूक होते.

मुलांना घरी जा म्हणता आलं,
नोटीसबोर्डावर कागद डकवता आला:
पुढील हुकूम होईपर्यंत.
बेडकांना कुणी वाचून दाखवायचा?
प्रयोगशाळेची किल्ली अब्बांच्या कमरेला,
आणि ती मागायला कुणी आलं नाही.

माझे अब्बा, दस्तगीर शिकलगार,
प्राणिशास्त्राचे शिपाई, पगार अठरा रुपये.
घराणं धार लावणाऱ्यांचं.
पणज्यानं संस्थानच्या तलवारी परजल्या म्हणत,
अब्बांच्या वाट्याला बोटभर पाती.
नखावर टेकवून बघायचे आणि म्हणायचे,
बेडकाला कळता कामा नये.

वसतिगृहात पलटण उतरली.
जिथं धोतरं वाळायची त्या कठड्यावर खाकी मोजे.
खानावळीच्या चुलीवर परक्या चवीचा चहा.
आम्ही बापलेक पहाटे विश्रामबागच्या गवतात
नाकतोडे धरायचो, बरणी भरेपर्यंत.
मुठीत धरला की तो आतून लाथा मारतो,
ते मला अजून हातात आठवतं.
फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पहिल्या दिवशी
संगिनीच्या टोकानं बरणीचं झाकण उचकटलं.
एक नाकतोडा थेट त्याच्या टोपीवर.
तो हसला. कुठल्या मुलखातला होता कोण जाणे,
त्यानंतर आम्हाला कधी अडवलं नाही त्यानं.

एकोणीस नंबर, जिनगोंडा मगदूम, दुधगावचा.
जूनमध्ये पातं हातात घेऊन रडला होता.
घरात दिवेलागणीनंतर जेवत नाहीत,
न जाणो एखादा किडा पोटात जायचा,
आणि इथं समोर उताणा, टाचण्या मारलेला जीव.
त्याचा बेडूक अब्बांनीच कापला.
त्यानं फक्त आकृती काढली,
काळजाच्या तिन्ही कप्प्यांना वेगळी छटा देऊन.
सगळ्या वर्गात तेवढी चांगली कुणाची नव्हती.

गणपती बसायच्या आदल्या रात्री
तो आमच्या दारात. दाढी वाढलेली, पायात काही नाही.
मामा, ती मोठी पक्कड हवी होती.
अब्बांनी विचारलं नाही कशाला.
दिवा वात काढून बारीक केला
आणि अर्धा तास सहाणेवर धार लावत बसले.
आई दाराला पाठ लावून उभी.
नखावर टेकवून बघितली, फडक्यात गुंडाळून दिली.
तारेला कळता कामा नये, असलं काही बोलले नाहीत.
गूळशेंगदाणे दिले. त्यानं खाल्ले नाहीत,
रात्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या वाटेवर
खांबाखांबांतून तारा लोंबत होत्या
आणि बाजारात हळदीचा भाव कुणालाच कळेना.

मग हुकूम आला, खोली मोकळी करा,
दारूगोळा ठेवायचाय.
तोवर सव्वीस उरले होते.
ओल्या पोत्यात घालून अब्बा रात्री नदीकडे निघाले,
मी मागून, कंदील न लावता.
आयर्विन पुलापाशी पोलिसानं हटकलं:
पोत्यात काय?
अब्बा गप्प. पोतंच बोललं.
कृष्णेच्या काठावर तोंड सोडलं,
तरी बराच वेळ एकही बाहेर येईना.
टाकीची सवय, अब्बा म्हणाले, आणि पोतं उलटं केलं.

जानेवारीत वर्ग उघडले.
सरांनी हजेरी घेतली.
एकोणीस म्हणाले, चष्मा पुसला,
पुन्हा एकोणीस म्हणाले.
दाराशी ट्रे घेऊन अब्बा उभे.
वीस.

साठ्याच्या वहीत कारकुनानं लिहिलं:
बेडूक, नग बत्तीस, गहाळ.
पक्कड मोठी, नग एक, गहाळ.
पगारातून वजा, एक रुपया दोन आणे.
अब्बांनी वळणदार सही केली, मग म्हणाले,
साहेब, एक नोंद राहिली.
कारकून वर न बघता म्हणाला,
पोरं आपल्या साठ्यात येत नाहीत.

ती पक्कड कुठंतरी असेल.
एखाद्या विहिरीच्या तळाशी, उसाच्या बांधात,
दुधगावच्या कुठल्या माळ्यावर.
गंजली असेल, पण पूर्ण नाही.
अब्बांनी लावलेली धार होती.