थकव्याची नोंद

ग्दान्स्क. रात्रीचे दोन. तळघरातलं यंत्र
पोलादाची पट्टी ओढतं, सोडतं, ओढतं.
आकडा : एकोणीस लाख चार हजार.
यागोदा डबा उघडते. बीट, गार बटाटे.

प्रबंधाचं नाव साडेतीन ओळींचं.
रविवारी बाबानं फोनवर विचारलं, म्हणजे नेमकं काय?
"वेल्डिंगचा जोड कुठून थकतो, ते शोधतेय."
तो हसला. तीस वर्षं जहाजं सांधली त्यानं.
"मला विचारायचंस की. उजव्या खांद्यातून."

शिष्यवृत्ती मार्चअखेर संपते.
विल्चेक सर म्हणतात, अजून सहा नमुने हवेत.
सहा नमुने म्हणजे आणखी एक हिवाळा
आणि मारेकला पुन्हा तेच : पुढच्या वर्षी, नक्की.

प्रस्तावात तिनं सुरक्षितता, उद्योग वगैरे घातलंय.
मनातलं उद्दिष्ट त्यात मावलं नाही :
भेग केसाएवढी असते
तेव्हाच कुणाला तरी ती ऐकू यावी.

एकोणीस लाख सहा हजार.
पट्टी शाबूत.
ती वहीत तारीख टाकते,
खाली पेन्सिलीनं, खोडता येईल असं :
उजवा खांदा.
बाबाला विचार,
पहिल्यांदा कधी दुखला.