सहा की चार

बोरीच्या पुलाअलीकडे, रोस-ऑमलेटच्या गाड्यापाशी
दर शुक्रवारी आम्ही चौघे एक गाडी खोलतो
जी अजून बनलेलीच नाही.

शाणूच्या मोबाईलवर फोटो: परदेशातला बर्फ,
आणि काळ्यापांढऱ्या वेटोळ्यांचं कातडं पांघरून
चाचणीला निघालेली ती.
चेहरा झाकलाय, चाल लपत नाही.
शाणू दोन बोटांनी बॉनेट मोठं करत जातो,
इतकं, की शेवटी नुसते ठिपके उरतात
आणि त्या ठिपक्यांत त्याला सहा सिलिंडर दिसतात.
"एका रांगेत, उभे. बघ ना, नाक चार बोटं लांबलंय."

रोहिदास म्हणतो, नाक काय, कुणाचंही लांबतं.
चार सिलिंडर, वर टर्बो, पोटाखाली बॅटरी.
धुराचे नवे कायदे वाचलेयस का तू?
रोहिदास शिरोड्याला गणित शिकवतो.
पावाच्या तुकड्याने ताटलीतला रोस बाजूला सारून
तो वजन मांडतो: इथे दीडशे किलो, इथे नव्वद,
वळणावर मागची चाकं कुठे पळतील
ते बोटाने ओढून दाखवतो
आणि मग बोट चाटतो.

मी सहावाला.
का, ते मला मांडता येत नाही.
फोंड्याच्या वाहतूक कचेरीत एकोणीस वर्षं शिक्के मारतोय.
हिची थोरली बहीण एकदा माझ्या टेबलावरून गेली,
म्हणजे तिचे कागद.
त्यावर चिकटवलेली चेसिस नंबरची छाप,
लोखंडावर कागद धरून पेन्सिलने घासलेली.
साहेब आत होते. मी अंगठा फिरवला तिच्यावरून.
राखाडी झाला अंगठा.
संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

शाणूच्या व्हॅनमध्ये पाव असतात.
रोहिदासची स्कूटर उतरणीवरच चालू होते.
ही गाडी येईल तेव्हा तिची किंमत
आम्ही चौघांनी मिळून वाचायची म्हटली
तरी दम लागेल.
हे कुणी बोलत नाही. नियम आहे.

कायतान बोलतच नाही.
तीस वर्षं बार्जच्या इंजिनरूममध्ये गेली त्याची,
सावर्ड्याहून मुरगावापर्यंत खनिज, नि परतीला रिकामं पोट.
डावा कान तिथेच राहिला.
अजून कुणी बोट घेऊन आलं की तो
हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो,
मूठ उजव्या कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतो,
आणि कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगतो.

मागच्या शुक्रवारी रोहिदास सहज म्हणाला,
"किंवा इंजिनच नसेल. नुसती मोटर. आवाज स्पीकरमधून."
गाडेवाल्याचा उलथनाही थांबला.
कायतानने चांगला कान आमच्याकडे वळवला,
रोहिदासला पुन्हा बोलायला लावलं,
आणि बराच वेळाने विचारलं,
"मागीर हांवें कानाक कितें लावचें?"

उत्तर कुणाकडे नव्हतं.
पैसे दिले, पुलावर जाऊन उभे राहिलो.
खाली जुवारीला ओहोटी, एक रिकामी बार्ज बांधलेली.
तेवढ्यात मडगावच्या अंगाने,
दिवे दिसायच्या आधी पाण्यावरून आवाज आला.
कुणाची होती देव जाणे,
भाड्याची, नवरदेवाची, दिल्लीच्या कुणा पोराची.
चढाला गिअर खाली पडला
आणि आमच्या छातीतलं काहीतरी
पाव इंच वर सरकलं.
लाल दिवे वळणाआड गेले.

"सहा!" शाणू.
"चार. टर्बोची शीळ ऐकली नाहीस?"
मी काही बोलणार होतो, पण घसा कोरडा.

कायतानचा तळवा अजून लोखंडी कठड्यावर होता.
त्याने तो सावकाश उचलला, पँटला पुसला.
"पांच," म्हणाला.
"सवो आसा, पूण पेटना."

म्हणजे सहाच ना, शाणू ओरडतोय,
आणि रोहिदासने खिशातून पेन काढलंय.