अजून एकोणीस दिवस

खानापूर स्टँडसमोर, मोनाप्पाच्या दुकानात
आम्ही तिघं, एक तडकलेला स्क्रीन,
ट्रेलर अकराव्यांदा.
इरण्णा मधेच थांबवतो,
"बघ, गवतात शेपूट हाललं!"
मला ते खवल्या मांजर वाटलं,
गेल्या साली कणकुंबीच्या वळणावर
स्कूटरच्या उजेडात गोल झालेलं.
पकडलं नव्हतं.
इंजिन बंद करून थांबलो होतो फक्त.

म्हणे, यंदा नकाशा सलग,
या टेकडीवरून त्या टेकडीवर, मधे फाटक नाही.
रात्री वेगळी जनावरं निघणार,
पावसात वेगळी,
आणि पकडलेलं परत सोडताही येणार.
हे शेवटचं मी दोनदा वाचलं.

मग नावावरून भांडण.
इरण्णाला कन्नडात पाहिजे, मला मराठीत,
खेळाच्या कळफलकावर दोन्ही नाहीत.
सोल्डरचा धूर फुंकत मोनाप्पा म्हणाला,
"कशाला भांडायलासा रे?
आधी घावूदे तर!"

भागू इतका वेळ गप्प होती.
"खेळ बंद केला की
त्याला खायला कोण घालतंय?"

ट्रेलरात तसलं काही नव्हतं.
तरी बाराव्यांदा लावला,
शेपटापाशी थांबवला.