भरपाईचा लेथ

चाळीसगावच्या गिरणीत लाकडी खोक्यातून उतरला लेथ,
हरलेल्या जर्मनीतून भरपाई म्हणून उपटलेला;
पायांना अजून तिकडचं सिमेंट.

सुपडू मिस्त्रीने रॉकेलने पुसला.
झाकणाच्या आत खिळ्याने ओढलेल्या रेघा,
पाच-पाचच्या जुड्या.
पाळ्या असतील, किंवा थकलेले पगार.
"हाई बी कोनातरी हातनं शे," म्हणाला,
आणि साहेबांचा हिरवा रंग
झाकणाच्या आत जाऊ दिला नाही.

माझ्या वडिलांनी त्यावर तीस वर्षं शाफ्ट कातले.

मग कुलूप. मग लिलाव.
भंगारवाल्याने किलोचा भाव पुकारला.
या वेळी युद्ध वगैरे काही नव्हतं;
आम्ही कधी हरलो, तारीख सापडत नाही.

पहारीने उचकटला तेव्हा
पायांना चिकटून आलं
मूठभर आमचं सिमेंट.