डावा पाय

सकाळी आठला या, पाय सुजायच्या आत,
पावलिकबाईंनी फोनवर बजावलं होतं.
म्हणून गोर्लिट्झची पहिलीच ट्राम धरली.

त्या गुडघे टेकून बसल्या. टेप घोट्याला,
मग पोटरीला, मग गुडघ्याखालच्या खाचेला.
आकडे पुटपुटत, लिहीत गेल्या.
उलरिख गेल्यापासून इतक्या निगुतीनं
कुणी हा पाय हातात घेतला नव्हता.

गुठळी कुठं होती?
इथं. मी बोट ठेवलं,
धरणात बुडालेलं गाव नकाशावर दाखवावं तसं.

रंग? अंगाच्या रंगाचे आहेत, त्या म्हणाल्या.
कुणाच्या अंगाच्या, ते खोक्यावर नव्हतं.
काळे, राखाडी,
आणि खालच्या खणात, कुणी नेत नाही म्हणून,
पिकल्या चेरीसारखे लाल.

चाळीस वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
सगळ्यांत खालचे सूर डाव्या पायाकडे,
आणि माणसं सगळी पाठमोरी.
लालच द्या, म्हटलं.

चढवायला रबरी हातमोजे, वीस मिनिटं,
आणि दोन शिव्या,
ज्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

रविवारी पाय जरा उशिरा पोचला.
खालचा सूर अर्धा श्वास मागं राहिला.
कुणी वळून पाहिलं नाही.