बकरीचं नाव

बोट तीन वाजता सुटणार होती.
तीन वाजता बंदरच नव्हतं,
नुसतं धुकं, आणि त्यात कुठेतरी
भोंगा वाजवत बसलेला एक माणूस.

आम्ही तिघं. वल्को ढोलवाला.
ज्लात्का, जी गायला लागली की
रोडोपचे दोन डोंगर एकमेकांना ओ देतात
आणि बोटीत चढली की उलट्या करते.
आणि मी, काखेत गायदा धरून,
आजारी बकरी दवाखान्यात न्यावी तसा.

आदल्या रात्री कार्यक्रम झाला होता.
श्रोते एकोणीस. गावच मुळी बत्तीस माणसांचं.
टाळ्या मोजक्या, नीट घडी घातलेल्या.
"आवडलं नाही त्यांना," वल्को म्हणाला,
आणि ढोलाच्या दोऱ्या उगाच आवळत बसला.

सुनवर आली ती नवऱ्याचा स्वेटर घालून,
हातात विजेरी.
"उद्याही नाही सुटणार बोट. चला."
हे आमंत्रण होतं,
हे तिच्या दारात बूट काढताना कळलं.

आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं,
यजमानाने चौथ्यांदा वाढायचं.
फॅरो बेटांवर एकदा नको म्हटलं
की ताट उचलून नेतात, तुमच्या शब्दाला मान देऊन.
वल्को पहिल्या मुक्कामी असाच उपाशी झोपला.
तेव्हापासून आम्ही आधी हो म्हणतो,
कशाला ते मागाहून बघतो.

तर हो म्हटलं.
फटींच्या खोपटात नऊ महिने टांगलेलं मटण,
वाऱ्याने आधी चाखलेलं, मग आम्हाला वाढलेलं.
वास असा की डोळ्यांना कळतो.
ज्लात्काने श्वास धरून पहिला तुकडा गिळला,
दुसरा श्वास सोडून,
तिसरा तिने मागून घेतला.

सुनवरचा सासरा, हानुस, जेवणभर गप्प.
मग हात पुसून गायदाकडे आला.
कातड्यावरून बोटं फिरवली,
पोटाकडून मानेकडे, केसांच्या ओघाने,
आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला,
"बकरी. दोन हिवाळे. मागचा पाय अधू?"
अधूच होता.
"नाव?"

अकरा वर्षं वाजवतोय मी.
मला नाव विचारलंय, गावाचं विचारलंय,
एकाने किंमत विचारली.
"बेल्का," मी म्हणालो. "दोऱ्या खायची."
त्याने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं,
आणि गायदा चुलीपासून लांब नेऊन ठेवली.
मी सांगणारच होतो, तडकेल म्हणून.
त्याने असं पाहिलं की गप्प बसलो.

मग शेजारी आले. टेबल भिंतीला गेलं.
मी लगबगीने पखाल फुगवायला घेतली,
तर सुनवरने ती हळूच काढून घेतली
आणि कोटांच्या ढिगावर निजवली.
त्यांच्या नाचाला वाद्य लागत नाही.
हातात हात. दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे,
एक जण कडवं धरतो, बाकीचे उचलतात,
आणि फळ्यांची जमीन वाजते.

किती कडवी? साठानंतर मी मोजणं सोडलं.
कुणीतरी बुडालं होतं त्यात, एवढं कळलं,
कारण पाय एकदम जड पडायला लागले.
वल्कोचे दोन्ही हात दोन म्हाताऱ्यांच्या मुठीत,
त्याची बोटं त्यांच्या हातांवरच ठेका धरत होती.
आणि ज्लात्काने, न विचारता,
खालचा एकच सूर लावला,
गायदाची लांब नळी लावते तसा, न हलणारा.
कुणी वळून पाहिलं नाही.
फक्त पुढचं कडवं
तिच्या सुरावर येऊन उभं राहिलं.

सकाळी बंदर परत जागेवर होतं.
निरोपाचं बोलणं झालं नाही.
हानुसने वर्तमानपत्रात बांधलेलं मटण
गायदाच्या पेटीत कोंबलं, झाकण लावलं,
आणि पेटीवर थाप मारली,
जनावराला मारतात तशी.

अजून पहिल्या फुंकरीला तो वास सुटतो.
परवा खालच्या गावात लग्न होतं,
नवरीने नाक मुरडलं.
होईल सवय, मी म्हणालो. आणि हे बघ,
कुणी वाढायला आलं तर
पहिल्याच खेपेला हो म्हण.